बेरीज दहा, पण कशाची?

पीएचक्यू-९ नावाची एक प्रश्नावली आहे. नैराश्य ओळखण्यासाठी ती वापरतात. फोनवरच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये, ऑफिसच्या वेलनेस पोर्टलवर किंवा दवाखान्यात तुम्हीही ती कधीतरी भरली असेल. नऊ प्रश्न, एक पान. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण बेरीज ० ते २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली, तर या माणसाकडे नीट बघायला हवं, असा संकेत.

रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएंके या अमेरिकन संशोधकांनी ती तयार केली. तिच्यावरचा मुख्य निबंध २००१ साली आला. फायझर या औषध कंपनीच्या अनुदानातून हे काम झालं, आणि प्रश्नावली वापरायला परवानगीही लागत नाही, पैसेही लागत नाहीत. तिच्या जगभर पसरण्यामागे हेही एक कारण आहे. मूळ अभ्यासात १० या रेषेवर तिने मेजर डिप्रेशन असलेल्यांपैकी ८८ टक्के लोक पकडले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के लोकांना बरोबर सोडलं. एका पानाच्या मानाने ही कामगिरी फारच चांगली.

साहित्याच्या जागेत हिचं काय काम, असा प्रश्न पडू शकतो. समीक्षा आपण कवितेची करतो, कादंबरीची करतो, हल्ली वेब सिरीजचीही करतो. पण ज्या मजकुराच्या आधारे कुणाला गोळ्या सुरू होतात आणि कुणाला ‘विशेष काही नाही’ म्हणून घरी पाठवलं जातं, त्या मजकुराची समीक्षा मात्र आपण संख्याशास्त्रावर सोडून देतो. प्रश्नावलीलाही निवेदक असतो. तिच्याही मनात एक वाचक असतो. आणि तो वाचक बदलला, की कादंबरीसारखाच तिचाही अर्थ बदलतो.

इथे मला तो एका विशिष्ट वाचकासमोर ठेवून पाहायचा आहे: दारू किंवा गर्दच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणारा माणूस. हा वाचक मोजका नाही. एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून जास्त लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. व्यसन आणि नैराश्य बरेचदा एकाच घरात राहतात, हे मानसोपचारात सर्वमान्य आहे. त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रात नैराश्य मोजायचं, हे ओघानंच आलं. मोजायचं कशाने? आहे ती पट्टी घ्या.

नवांतले पाच

प्रश्नावली एकदा सावकाश वाचू. पहिला प्रश्न: कशात रस किंवा आनंद वाटत नाही का? दुसरा: उदास, निराश वाटतं का? तिसरा झोपेचा. चौथा थकव्याचा. पाचवा भुकेचा. सहावा स्वतःविषयी वाईट वाटण्याचा, आपण स्वतःला किंवा घरच्यांना कमी पडलो असं वाटण्याचा. सातवा लक्ष न लागण्याचा; उदाहरण पेपर वाचण्याचं किंवा टीव्ही पाहण्याचं. आठवा हालचाली मंदावण्याचा, नाहीतर उलट इतकं अस्वस्थ होण्याचा, की माणूस एका जागी बसू शकत नाही. नववा मरण बरं असं वाटण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा.

आता कल्पना करा, की रोज पिणाऱ्या एका माणसाने दहा दिवसांपूर्वी दारू थांबवली आहे. झोप नाही, अंगात त्राण नाही, जेवण जात नाही. टीव्ही चालू असतो, पण काय चाललंय ते डोक्यात शिरत नाही. सारखी उठबस. गर्द ओढणारी मुलं या अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात, केंद्रातला स्टाफ ‘विड्रॉवल’ म्हणतो. या माणसाने तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि आठव्या प्रश्नाला ‘निम्म्याहून जास्त दिवस’ असं प्रामाणिक उत्तर दिलं, तर पाच दुणे दहा. पहिल्या दोन प्रश्नांना शून्य, म्हणजे उदासी नाही आणि आनंदही शाबूत. तरी बेरीज दहा. निदानाच्या काटेकोर नियमात पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर ‘हो’ असायला हवं अशी अट आहे. पण नुसती बेरीज पाहणाऱ्या पद्धतीत ती अट गळून पडते, आणि धावपळीच्या ठिकाणी पाहिली जाते ती बेरीजच.

यात प्रश्नावली लिहिणाऱ्यांची चूक काढता येत नाही. त्यांच्या मनातला वाचक जनरल डॉक्टरकडे आलेला पेशंट होता. त्या वाचकाची झोप उडाली असेल तर त्यामागे नैराश्य असण्याची शक्यता बरीच. व्यसन सोडणाऱ्याची झोप उडते तेव्हा मात्र त्यामागे सवय लागलेला मेंदू असतो, जो नव्या परिस्थितीशी जुळवून घेत असतो. वाक्य तेच, पुरावा वेगळ्या गोष्टीचा.

हा फरक किती मोठा असू शकतो, याचा एक जुना आणि डोळे उघडणारा अभ्यास आहे. सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट यांनी १९८८ साली अमेरिकेत दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या १९१ पुरुषांचं नैराश्य हॅमिल्टन मोजपट्टीने मोजलं. भरती झाले तेव्हा त्यांतल्या ४२ टक्के लोकांचे गुण दखल घ्यावी इतके जास्त होते. दारूशिवाय चौथ्या आठवड्यात पोहोचले, तेव्हा हा आकडा ६ टक्क्यांवर आला. डीएसएम या अमेरिकन निदानग्रंथानेही साधारण महिन्याभराचाच काळ धरला आहे. पिणं थांबवून महिना उलटला तरी नैराश्य टिकलं, तर ते स्वतंत्र आजार असण्याची शक्यता वाढते.

म्हणजे एकच प्रश्नावली पहिल्या आठवड्यात भरली तर एक माणूस दिसतो, पाचव्या आठवड्यात भरली तर दुसरा. कागदावर मात्र शेवटचा घोट कधी घेतला, हे विचारणारा रकाना नाही.

‘प्रमाणित’ म्हणजे काय

यावर संशोधकांकडे उत्तर आहे: नव्या लोकांवर वापरण्याआधी प्रश्नावली त्या लोकांसाठी प्रमाणित करून घ्यावी. इंग्रजीतला ‘व्हॅलिडेटेड’ हा शब्द वैद्यकीय निबंधात जवळजवळ आयएसआय मार्कसारखा वापरला जातो. एकदा शिक्का बसला, की पुढचे लोक तो पाहून निश्चिंत होतात.

व्यसनाच्या बाबतीत हे काम झालेलं आहे. इंग्लंडमध्ये हाइमे देल्गादियो आणि सहकाऱ्यांनी दारू-ड्रग्जसाठी बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेणाऱ्या १०३ लोकांवर पीएचक्यू-९ तपासून पाहिली. २०११ साली आलेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा: या लोकांसाठी रेषा १० वरून १२ वर न्यावी. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी ८१ टक्के पकडले जातात आणि नसलेल्यांपैकी ७५ टक्के बरोबर सुटतात. चार आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर गुण बऱ्यापैकी जुळले, आणि प्रश्नांची आपसातली संगतीही चांगली निघाली. क्रॉनबॅकचा अल्फा ०.८४.

काम प्रामाणिक आहे आणि गरजेचं होतं. आकडा जसाच्या तसा उचलून चालत नाही, हेच त्यांनी दाखवलं. तरीही प्रत्येक आकड्यापाशी थोडं थांबायला हवं.

आधी अल्फा. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ साली मांडलेलं हे माप सांगतं, की प्रश्नावलीतली उत्तरं एकमेकांबरोबर किती वर-खाली होतात. ती का होतात, हे अल्फा सांगत नाही. विड्रॉवलमध्ये झोप, भूक, थकवा, लक्ष आणि अस्वस्थता ही पाचही एकत्र बिघडतात आणि एकत्र सुधारतात. त्यामुळे नैराश्याऐवजी नुसतं विड्रॉवलच मोजलं जात असलं, तरी अल्फा छान येऊ शकतो. पाच साक्षीदारांची साक्ष जुळली याचा अर्थ ते खरं बोलतात असाही होतो, आणि पाचही जण एकाच गाडीतून आले असाही होतो.

मग तुलना कशाशी केली? या अभ्यासात निवाड्यासाठी सीआयएस-आर नावाची सविस्तर मुलाखत वापरली. लक्षणं आहेत का, किती आहेत, हे ती पद्धतशीर विचारते. पण ही लक्षणं दारूमुळे आली की दारूआधीपासून होती, हा निवाडा करण्यासाठी ती घडवलेली नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही टेस्ट लिहितो तेव्हा अपेक्षित उत्तर आधी कुठून तरी आणावं लागतं. ते उत्तर त्याच गृहीतकांवर बेतलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून आणलं, तर सगळ्या टेस्ट हिरव्या होतात आणि बग जागच्या जागी राहतो. छोटी प्रश्नावली मोठ्या प्रश्नावलीशी जुळली, एवढंच तेव्हा सिद्ध होतं. कारणाचा प्रश्न दोघींनीही विचारलेला नसतो.

तो प्रश्न विचारणारी साधनं आहेत. डेबोरा हॅसिन यांनी विकसित केलेली ‘प्रिझम’ ही मुलाखत नेमकी याचसाठी आहे. ती आधी माणसाच्या व्यसनाचा काळपट उभा करते: कधी जास्त पीत होता, कधी सोडली होती, किती दिवस. मग उदासीचे काळ त्या पटावर ठेवते. वेळ लागतो, शिकलेला मुलाखतकार लागतो. म्हणून ती संशोधनात दिसते, ओपीडीत नाही.

आणि ते १२. रेषा वर सरकवली म्हणजे पाच दुणे दहा झालेला आपला माणूस सुटला. पण त्याच पाच प्रश्नांना ‘जवळजवळ रोज’ म्हणणारा १५ वर पोहोचतो आणि पुन्हा अडकतो. उलट ज्याला खरोखर सगळं संपल्यासारखं वाटतंय, पण जो शरीराने ठीक आहे, तो ११ वर थांबून निसटू शकतो. भेसळ कोणत्या प्रश्नात आहे हे न पाहता सगळ्या बेरजेवर सरसकट दोन गुणांची सूट दिल्यासारखं हे आहे. प्रत्येक प्रश्न वेगळा काढून तपासण्याची पद्धत संख्याशास्त्रात आहे: नैराश्य सारखंच असलेले दोन माणूस घ्या, एक पिणारा, एक न पिणारा. एखाद्या प्रश्नाला ते वेगळी उत्तरं देत असतील, तर त्या प्रश्नात नैराश्याखेरीज आणखी काहीतरी मोजलं जातंय. प्रमाणीकरणाचा दावा करणाऱ्या निबंधात मी हे आधी शोधेन, अल्फा नंतर.

अ‍ॅपमधली एक ओळ

८१ आणि ७५ हे आकडे ऐकायला ठीक वाटतात. पण त्यांचा अर्थ प्रश्नावली कुठे वापरली यावर ठरतो. साधा हिशोब करू.

समजा, एका उपचार केंद्रातल्या १,००० लोकांपैकी ५०० जणांना खरोखर नैराश्य आहे. प्रश्नावली त्यांतले ४०५ पकडेल. उरलेल्या ५०० पैकी १२५ जणांनाही चुकून पकडेल. एकूण ५३० जणांवर लाल खूण, त्यांतले ४०५ खरे. म्हणजे चारात तीन बरोबर.

आता तीच प्रश्नावली, तीच रेषा, पण अशा ठिकाणी जिथे १,००० पैकी फक्त १०० जणांना नैराश्य आहे. खरे पकडले ८१. चुकून पकडले ९०० पैकी २२५. लाल खुणा ३०६, त्यांतले खरे ८१. म्हणजे चारात जेमतेम एक बरोबर. पट्टी बदलली नाही, तिचं प्रमाणपत्र बदललं नाही. बदलली ती फक्त रांग.

हे गणित अवघड नाही, पण अ‍ॅपमध्ये ते येत नाही. अ‍ॅपमध्ये एक ओळ पुरते: बेरीज १० किंवा जास्त असेल तर लाल पट्टी दाखव. ही ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि ती लिहिणाऱ्याला हा १० कुठल्या लोकांवर ठरला, कुठल्या साली, कशाशी ताडून, हे माहीत असायची गरज पडत नाही. निबंधात आकड्यामागे अटी असतात. कोडमध्ये आकडा येतो, अटी मागे राहतात. मग तो आकडा निसर्गाचा नियम असल्यासारखा वागू लागतो.

क्रॉनबॅक आणि पॉल मील यांनी १९५५ साली वैधतेवर एक गाजलेला निबंध लिहिला, आणि पुढे सॅम्युअल मेसिक यांनी तो विचार टोकाला नेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वैधता हा चाचणीचा गुणधर्म नाही. चाचणीच्या गुणांवरून आपण जो अर्थ काढतो आणि त्या अर्थावर जी कृती करतो, तिची ती वैधता. या अर्थाने ‘पीएचक्यू-९ प्रमाणित आहे’ हे वाक्यच अपुरं आहे. कुणासाठी, कधी, कशाशी ताडून आणि कोणत्या निर्णयासाठी, ही चार टोकं जोडल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

सहावा प्रश्न

सगळ्या प्रश्नावलीत मला सर्वांत अडवणारा प्रश्न सहावा. आपण घरच्यांना कमी पडलो असं वाटतं का?

नैराश्याच्या व्याकरणात ही भावना लक्षण आहे. माणसाने काही वाईट केलेलं नसतं, तरी त्याला वाटतं की आपण नालायक आहोत. उपचार करणारा त्याला हळूहळू दाखवून देतो की हे खरं नाही. पण बायकोचं मंगळसूत्र विकून आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला तर? मुलीच्या फीचे पैसे संपवलेल्या माणसाला? त्याचं ‘जवळजवळ रोज’ हे उत्तर आजार नसून हिशोब असू शकतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमध्ये तर माणसाला हा हिशोब मांडायलाच सांगतात: स्वतःची निर्भय झडती घे, ज्यांना दुखावलंस त्यांची यादी कर, शक्य तिथे भरपाई कर. दारू चालू असताना जी भावना त्याने दाबून ठेवली होती, ती शुद्धीवर आल्यावर वर येते. समुपदेशक तिला सुधारणा म्हणतो, प्रश्नावली तिला तीन गुण देते.

म्हणजे चौथ्या आठवड्यात झोप-भुकेचे गुण उतरत असताना सहाव्या प्रश्नाचे गुण चढू शकतात, आणि दोन्ही चांगलीच लक्षणं असू शकतात. बेरीज मात्र सारखीच राहील आणि कुणीतरी फाइलवर लिहील: फरक नाही.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती जास्त धोक्याची आहे. पश्चात्ताप आणि आत्मद्वेष यांच्यात कधी सीमा ओलांडली जाते, ते बाहेरून दिसत नाही. व्यसनी माणसांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. ‘विड्रॉवल आहे, जाईल’ असं म्हणून सगळंच झटकून टाकणं हे सगळ्यांना गोळ्या देण्यापेक्षा जास्त महाग पडू शकतं. म्हणून नवव्या प्रश्नाचं उत्तर बेरजेत मिसळू देऊ नये. बाकी आठ प्रश्नांना शून्य असलं तरी नवव्यातला एक गुण म्हणजे त्याच दिवशी, त्याच खोलीत, शांतपणे बसून बोलणं. घरी एकट्याने प्रश्नावली भरणाऱ्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. अ‍ॅपवाल्यांनी लाल पट्टीच्या आधी तो दाखवला तर बरं होईल.

मराठीत विचारताना

आता ही प्रश्नावली मराठीत आणू. पहिल्याच प्रश्नात ‘रस’ आणि ‘आनंद’ येतात. पण बोलताना आपल्याकडे माणूस म्हणतो, ‘कशात मन लागत नाही’, ‘जीव रमत नाही’, ‘काही गोड लागत नाही’. ‘उदास’ हा शब्द बऱ्याच जणांसाठी गाण्यातला आहे. स्वतःबद्दल बोलताना ते ‘टेन्शन’ म्हणतात. ‘टेन्शन’मध्ये कर्ज असतं, भांडण असतं, भीती असते आणि नैराश्यही असतं. हा शब्द प्रश्नात घातला तर सगळेच हो म्हणतील, गाळला तर ज्यांना विचारायचं होतं ते नाही म्हणतील. म्हणून चांगल्या भाषांतरानंतर माणसांना बसवून विचारावं लागतं: हा प्रश्न ऐकल्यावर तुमच्या डोक्यात काय आलं, तुमच्या शब्दांत सांगा. भाषांतर परत इंग्रजीत करून जुळवलं, तर शब्द तपासले जातात. समजूत तपासली जात नाही.

प्रश्नातली मापंसुद्धा भाषांतर मागतात. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दारूविषयीची दहा प्रश्नांची चाचणी घ्या. तिचा दुसरा प्रश्न असतो: पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक घेता? एक किंवा दोन म्हणालात तर ० गुण. एक ड्रिंक म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. महाराष्ट्रातला माणूस सरळ मनाने सांगतो, ‘एकच घेतो.’ एकच म्हणजे एक क्वार्टर. १८० मिली, बाटलीवर लिहिलेलं अल्कोहोलचं प्रमाण ४२.८ टक्के. म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात ६० ग्रॅमच्या आसपास. एकच म्हणजे सहा. माणूस खोटं बोलला नाही, विचारणाराही चुकला नाही. दोघांचा ‘एक’ वेगळा होता.

आणि विचारणारा कोण, हेही आलंच. प्रश्नावली स्वतः वाचून, एकट्याने भरायची म्हणून लिहिली गेली. वाचता न येणाऱ्याला ती कुणीतरी वाचून दाखवतो, बरेचदा केंद्रातलाच माणूस, आणि कधीकधी शेजारी बायको किंवा भाऊ बसलेला असतो. घरी कधी सोडणार हे ज्यांच्या हातात, त्यांनाच ‘मरावंसं वाटतं का’ याचं उत्तर द्यायचं. अशा वेळी माणूस काय सांगितलं तर काय होईल याचा अंदाज घेऊन बोलतो.

मग पट्टी फेकून द्यायची का?

नाही. आणि याचं उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातच आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या एकमेकींशेजारी ठेवून, सीआयएस-आर मुलाखतीशी ताडून पाहिल्या. तो निबंध २००८ साली आला. बाहेरून आलेली पट्टी वापरण्याआधी इथल्या माणसांवर लावून बघायची, ही शिस्त त्यात आहे. पुढे तिथेच अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण मिळालेल्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत थोड्या बैठकांचं समुपदेशन मिळालं. ते देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले ३६ टक्के ऑडिटच्या ८ या रेषेखाली आले, दुसऱ्या गटातले २६ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हा अभ्यास मला दोन गोष्टी सांगतो. जिथे तज्ज्ञ नाहीत तिथे पट्टीच दार उघडते, कारण तिच्याशिवाय त्या माणसाला कुणी विचारलंच नसतं. आणि दार उघडल्यावर उपयोगी पडतो तो आत बसलेला माणूस.

म्हणून माझा आक्षेप पट्टीवर नाही, तिच्या बेरजेला निकाल समजण्यावर आहे. आणि इथे साहित्याकडून शिकण्यासारखं काहीतरी खरंच आहे. अनिल अवचटांनी ‘गर्द’मध्ये ब्राउन शुगरच्या विळख्यातल्या मुलांविषयी लिहिलं. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू झालं, ते डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. अवचटांची लिहिण्याची रीत साधी: समोरच्याला बोलतं करायचं आणि त्याचं आयुष्य क्रमाने सांगायचं. आधी काय झालं, मग काय, मग काय. आपण याला ललित किंवा रिपोर्ताज म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि मोजमापाला शास्त्र म्हणतो. पण व्यसनी माणसाच्या नैराश्याचं निदान अडतं ते नेमकं क्रमावर. उदासी आधी की दारू? सोडली होती ते सहा महिने कसे गेले? बाप गेल्यावर वाढली की नोकरी गेल्यावर? प्रिझमसारखी महागडी मुलाखत अखेर हेच करते. ती एक शिस्तीत ऐकलेली गोष्ट असते. दोन आठवड्यांची बेरीज या क्रमाला सपाट करून टाकते.

त्यामुळे मराठीत, व्यसनमुक्तीसाठी अशी मोजपट्टी प्रमाणित करायला कुणी निघालं, तर वाचक म्हणून माझ्या अपेक्षा सांगतो. शेवटचं पिणं किंवा ओढणं किती दिवसांपूर्वी, ही नोंद गुणांच्या शेजारी छापा. पहिल्या आठवड्यात आणि महिन्यानंतर, दोनदा मोजा, आणि दोन्ही आकडे द्या. शरीराचे पाच प्रश्न आणि मनाचे चार यांची बेरीज वेगळी दाखवा. निवाड्यासाठी अशी मुलाखत वापरा, जी काळाचा क्रम विचारते. फक्त पुरुषांच्या वॉर्डवर तपासली असेल तर तसं शीर्षकातच सांगा. बायकांचं व्यसन आपल्याकडे आधीच लपवलं जातं, त्यात त्यांना पुरुषांच्या पट्टीने मोजू नका. आणि निबंधाच्या शेवटी ‘प्रमाणित’ या एका शब्दावर थांबू नका. या गुणांवरून कोणता निर्णय घ्यावा आणि कोणता घेऊ नये, हे दोन वाक्यांत लिहा.

आणि जे अ‍ॅप बनवतात, म्हणजे माझ्यासारखे लोक, त्यांच्यासाठी एकच. प्रश्नावलीच्या आधी एक प्रश्न टाका: तुम्ही गेल्या महिन्याभरात दारू किंवा इतर नशा थांबवली आहे का, किंवा कमी केली आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर लाल-हिरवी पट्टी दाखवू नका. नवव्या प्रश्नाला शून्याहून जास्त काहीही आलं, तर लगेच माणसाशी बोलायची सोय दाखवा. बाकीच्यांना सांगा, की सध्या शरीर सावरत असल्यामुळे हे गुण बदलत राहतील, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा भरा, आणि तोवर हे उत्तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा. हे कोडमध्ये आणायला एखादा दिवस लागेल. दहा दिवस न पिता काढलेल्या माणसाला अकराव्या दिवशी फोनने ‘तुमची अवस्था गंभीर आहे’ म्हणून सांगितलं, तर तो काय करेल, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. त्याचं दुकान उघडंच असतं.